दत्तोबाच्या खिशातले आबासाहेब

अंथुर्ण्याच्या अलीकडं, कालव्याला लागून असलेल्या त्या लहानशा गावात कुणी मेलं की पहिली हाक दत्तोबा माळ्याला जायची. मेलेल्या माणसासाठी डॉक्टर काही करू शकत नाही. दत्तोबा बरंच काही करू शकायचा. हाक आली की तो वांग्याच्या सरीतून तसाच उठायचा, पायाची माती झटकायचा आणि कोयता घेऊन ओढ्याकाठच्या कळकाच्या बेटाकडं चालू लागायचा. दोन लांब कळक, आडव्या कांबी, सुंभाचे वेढे, वर कडबा. त्यानं बांधलेली तिरडी कधी कुरकुरली नाही. "दत्तोबाच्या तिरडीवर जित्या माणसालाबी झोप लागंल," असं गावातली माणसं म्हणायची. अर्थात झोपून बघायला कुणी तयार नव्हतं.

तुळशीपत्र कुठं ठेवायचं, डोकं कुठल्या अंगाला करायचं, तांदूळ कुणी कुणी घालायचे, सगळं त्याला पाठ. देवावर त्याची श्रद्धा अशी, की सकाळी महादेवाला पाणी घातल्याशिवाय चहा घशाखाली उतरायचा नाही. एकच पंचाईत होती. गावात कुणी आजारी पडलं आणि दत्तोबा मायेनं बघायला गेला, तर आजारी माणसाची नजर पहिल्यांदा त्याच्या हातांकडं जायची. कोयता आणलाय का, हे बघायला. शेवटी शेवटी त्यानं आजाऱ्यांना भेटायचंच सोडून दिलं.

त्याच्या बांधाला बांध होता आबासाहेबांचा. आबासाहेब म्हणजे दोन तालुक्यांतले नामांकित नास्तिक. बारामतीच्या कॉलेजात त्यांचं व्याख्यान, इंदापुरात व्याख्यान, कऱ्हाटीच्या जत्रेत तर भर मंडपात व्याख्यान; तिथून ते चपला हातात घेऊन परत आले होते. ज्या साली गणपती दूध प्यायला लागले, त्या साली आबांनी घरातला वरवंटा पाटावर मांडून चौकात आणला आणि त्याला चमच्यानं दूध पाजलं. वरवंटाही प्यायला. आबांचा फोटो पुण्याच्या पेपरात आला. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी मात्र वरवंट्यालाच हात जोडले, आणि आबांनी कपाळावर हात मारला.

अशा माणसाशी दत्तोबाचं कसं काय जमायचं? जमायचं खरं. एकदा दत्तोबाच्या बायकोला, लीलाबाईला, वांगी तोडताना साप चावला. दत्तोबा तिला मारुतीच्या पाराकडं घेऊन निघाला होता. आबांनी त्याला शिव्या घालून अडवलं, लीलाबाईला मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवलं आणि बारामती गाठली. लीलाबाई वाचली. दत्तोबानं मारुतीला नारळ फोडला आणि वांग्यांची पाटी आबांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"नारळ मारुतीला आणि वांगी मला?" आबा म्हणाले.

"आबा, कुणी वाचवलं ते मला काय ठावं? दोघांचंबी देणं नको राह्यला."

आबा पोट धरून हसले होते. आणि त्याच ओट्यावर, हसणं संपल्यावर, त्यांनी दत्तोबाकडून शब्द घेतला होता.

"माझी तिरडी तूच बांधायची. पण तुझं ते बाकीचं सामान घरी ठिवून यायचं. मडकं न्हाय, तांदूळ न्हाय, दहावा न्हाय. बांधायचं, न्यायचं, जाळायचं. चंद्रा रडंल, भावकी गळ घालंल. तू तेवढा कच खाऊ नगंस."

"आबा, आसं केल्यावर जीव भटकतोय हो."

"भटकू दे. मला भटकायची सवय हाय. शब्द दे."

दत्तोबानं शब्द दिला. माणूस चांगला हट्टाकट्टा होता. शब्द पाळायची वेळ येईल असं वाटलंच नव्हतं.

गणपती दूध प्यायल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात ती वेळ आली. बारामतीत व्याख्यान देऊन आबा इंदापूरच्या एस्टीत बसले, अंथुर्ण्याचं तिकीट काढलं, आणि खिडकीला डोकं टेकून बसल्या जागी गेले. कंडक्टरला वाटलं झोप लागलीय. अंथुर्ण्याचं तिकीट काढलेले आबा इंदापूरच्या स्टँडवर पोचले. गाडी रिकामी झाली तरी उठले नाहीत, तेव्हा कळलं.

गावात बातमी आली आणि देवळाच्या ओवरीत नुसती गर्दी झाली. दुःख झालं नाही असं नाही, पण दुःखाच्या आधी दुसरंच काहीतरी झालं. आबांना कुठल्या देवानं नेलं, यावर वाद सुरू झाला. गणेश मंडळाची पोरं म्हणाली, दुधाचा बदला. खंडोबाचे भक्त म्हणाले, "छ्या, मल्हारीनं नेला, यळकोटाला हसला हुता." मरीआईच्या पुजाऱ्याचाही हक्क होता, आबांनी तिथलं कोंबडं बंद करायला अर्ज दिला होता. एका माणसाला मारायला एवढे देव लागले, हे ऐकून आबांची छाती फुगली असती. पण आबा जीपमधून आडवे येत होते, आणि ओवरीतली माणसं हसत होती. ते हसणं दत्तोबाला बघवेना. तो कळक तोडायला निघून गेला.

भजनी मंडळाचा म्होरक्या कुंडलिकराव त्याच्या मागोमाग बेटापर्यंत आला. कुंडलिकराव आणि आबा एका वर्गातले. तेव्हापासून भांडत आलेले.

"दत्तोबा, सगळं रीतसर करायचं. त्यो काय म्हणत हुता ते त्याच्याबरुबर गेलं."

"मी शब्द दिलाय, कुंडलिकराव."

"मेलेल्याला दिलेला शब्द?"

"तवा जित्ते हुते."

कुंडलिकराव तिथनं थेट भावकीत गेला. मडकं नसेल तर आम्ही नाही, असं सांगून भजनी मंडळ घरी बसलं, आणि भावकीतले अर्धेअधिक लोक ऐन वेळी कोण कुठं गेले कळलं नाही. तिरडी तयार होती, उचलायला खांदे नव्हते. दारात चंद्राबाई नवऱ्याच्या पायाशी बसली होती. ती पंचमीला वारुळाला जाणारी, चतुर्थी धरणारी बाई. आयुष्यभर तिनं देव फडताळाच्या आतल्या कप्प्यात ठेवले, नवऱ्याला दिसू नयेत म्हणून. आणि आबांनी आयुष्यभर ते फडताळ उघडलं नाही, तिला ओशाळवाणं वाटू नये म्हणून. आता ती रिकाम्या अंगणाकडं बघत होती.

तेवढ्यात बौद्धवस्तीतून अप्पा आले. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, पांढरे कपडे घातलेले अप्पा आणि त्यांच्यामागं वस्तीतली दहा-पंधरा माणसं.

"आबांनी काय सांगितलं हुतं?" अप्पांनी विचारलं.

"बांधायचं, न्यायचं, जाळायचं," दत्तोबा म्हणाला.

"मग तेवढंच करू," म्हणत अप्पांनी खांदा दिला. दत्तोबा दुसऱ्या बाजूला लागला. तिरडी गावातून निघाली, तेव्हा घराघराच्या दारात माणसं उभी होती आणि ती बघत होती. टाळ नाही, पुढं मडकं नाही. कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कुंडलिकराव बराच वेळ दारात उभा होता; शेवटी चपला न घालताच निघाला आणि अंतर ठेवून मागून चालू लागला. आबांचा पुतण्या अविराजनं अग्नी दिला. चंद्राबाईनं ओट्यावरूनच हात जोडले. कुणाला जोडले ते तिलाच माहीत.

दत्तोबा घरी आला. लीलाबाईनं न्हाणीत ऊन पाणी काढलं होतं. त्यानं अंगातली कोपरी काढून दगडावर टाकली आणि खिशातून काहीतरी खट्ट करून वाजलं.

खिशात खडा होता.

दत्तोबानं तो तळहातावर घेतला. स्मशानाच्या वाटेवर अर्ध्यात विसावा असतो. तिथं तिरडी टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, आणि कुणीतरी वाकून रस्त्यातला एक खडा उचलतो. तो जीवखडा. मेलेल्याचा जीव दहाव्यापर्यंत त्या खड्यात वस्तीला असतो. दहाव्याला पिंडापाशी मांडून तो नदीत सोडला की जीव मोकळा. आजवर गावातल्या प्रत्येक मयताचा खडा दत्तोबानंच उचललेला. आज उचलायचा नव्हता. त्यानं उचललाही नव्हता. हातानं उचलला होता. विसाव्याला पाठ वाकली, बोटं मातीत गेली, खिशाकडं गेली, आणि डोक्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"काय झालं वो?" लीलाबाईनं आतून विचारलं.

"काय न्हाय. आबा हायेत," असं दत्तोबाच्या तोंडातून निघून गेलं, आणि मग तो ढसाढसा रडायला लागला. आपला माणूस गेल्याचं रडू आहे असं समजून लीलाबाईनं आणखी एक घागर ओतली.

झाली होती ती पंचाईत जगात कुणाची झाली नसेल. ज्याला जीवच मान्य नव्हता, त्याचा जीव दत्तोबाच्या खिशात होता. नदीत सोडावा तर शब्द मोडला. फेकून द्यावा तर आबांना फेकून दिलं. दोन दिवस तो खडा खिशात घालून वांग्याला पाणी देत होता आणि आपल्याशीच बोलत होता. "आबा, तुमी ह्यात न्हाय, हे मला तुमी सांगितलंयच. पण चुकून असलात, तर गडबड करू नका. काय करायचं ते मला बघू द्या."

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून झाली. ती राख आबांच्या सांगण्याप्रमाणं त्यांच्याच रानात टाकली गेली. दुपारी कुंडलिकरावानं दत्तोबाला देवळात बोलावलं. सगळी ओवरी भरलेली होती.

"गावकऱ्यांनो," कुंडलिकराव म्हणाला, "मी मागं हुतो. दत्तोबा विसाव्याला वाकला, ते ह्या डोळ्यांनी बघितलंय. आबाचा जीवखडा निघालाय! आता दहावा घालायचा, आन् असा घालायचा की बारामतीपासनं इंदापुरापातूर कळलं पायजे. पेपरवाल्यालाबी सांगू."

"कावळा शिवंल का पर?" कुणीतरी ओरडलं, आणि हशा उसळला.

"न्हाय शिवला तरी आपलंच खरं, शिवला तरीबी आपलंच!" गणेश मंडळाचा एकजण म्हणाला.

दत्तोबा खांबाला टेकून उभा होता. खडा खिशात कमरेला टोचत होता.

"मी खडा उचललेला न्हाय," तो म्हणाला.

दत्तोबा खोटं बोलतो असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. कुंडलिकराव जवळ आला आणि हळू आवाजात बोलायला लागला. त्याचे डोळे लाल होते.

"दत्तोबा, ही पोरं हसत्यात, त्यांचं सोड. मला त्याच्यावर कुरघोडी करायची न्हाय रं. जलमभर भांडलो त्याच्यासंगं. आता त्यो एकटा कुठं फिरंल? आपल्यात घेऊ त्याला. खडा दे."

दत्तोबाला त्या क्षणी वाटलं, द्यावा. हा माणूस खोटं बोलत नव्हता. पण ओवरीतली पोरं पेपरवाल्याला निरोप कोण देणार, हे ठरवायला लागली होती.

"न्हाय उचलला."

"मग बेलभंडारा उचल."

पुजाऱ्यानं महादेवाचा बेल आणला, त्यावर खंडोबाचा भंडारा टाकला आणि तळहात पुढं केला. खोटा बेलभंडारा उचलणाऱ्याचं काय होतं, हे दत्तोबाला कुणी सांगायला नको होतं. अशा दोघांच्या तिरड्या त्यानंच बांधल्या होत्या, आणि त्या दोघांची घरं आज पडीक होती. त्याच्या घरी लीलाबाई होती. ज्याच्यासाठी हे चाललं होतं, त्यानं "अरे, पानं नि हळद आहे ती, उचल की!" म्हणून खो खो हसून दाखवलं असतं. आबांना ती पानं नि हळद होती. दत्तोबाला नव्हती.

त्यानं बेलभंडारा उचलला. "मी विसाव्याला खडा उचललेला न्हाय. उचलला असंल तर माझं वाटोळं हू दे."

कुंडलिकरावानं मान खाली घातली. हळूहळू ओवरी मोकळी झाली. कुणी हसलं नाही.

दत्तोबा कालव्याच्या कडेनं घराकडं निघाला, तर वाटेत बाभळीखाली चंद्राबाई उभी. कपाळ पांढरं पडलेलं. देवळातलं तिच्यापर्यंत पोचलं होतं.

"दत्तोबा भावजी," ती म्हणाली, "खरंच उचलला न्हवता?"

दत्तोबानं नजर कालव्याच्या पाण्याकडं वळवली.

"कुंडलिकराव म्हणाले तुमी वाकला हुता. मला लई बरं वाटलं हुतं. म्हणलं, यांनी काय का सांगंना, भावजींनी तेवढं केलं. मी कुणाला सांगणार न्हाय. पेपरात न्हाय, गावात न्हाय. फडताळात देवापाशी ठिवीन. दहाव्याला माझी मी गुमान नेऊन सोडीन. तेवढं एक असलं तर द्या मला."

खिशात खडा होता. हात घातला असता तर मिळाला असता. शेत, घर, सगळं मागितलं असतं तर दत्तोबानं विचार केला असता; हा तर बोटभर दगड होता. पण "चंद्रा रडंल, तू तेवढा कच खाऊ नगंस," असं ज्यानं सांगितलं होतं, त्यानं ती याच जागी येऊन उभी राहील, हे आधीच बघून ठेवलं होतं.

"न्हाय वैनी," दत्तोबा म्हणाला. "न्हवता उचलला."

चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती वळली. तिनं त्याला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "तुमी तरी काय करणार. त्यांनी कुणाचंच ऐकलं न्हाय कदी."

ती दिसेनाशी झाल्यावर दत्तोबा स्मशानाच्या वाटेला लागला. विसाव्यापाशी येऊन त्यानं खडा काढला, कपाळाला लावला, आणि जिथून उचलला होता तिथं ठेवला. दोन पावलं मागं सरून बघितलं, तर कुठला तो ओळखू येईना. सगळे खडे सारखेच. तो बराच वेळ उकिडवा बसून एकेक खडा हातात घेऊन बघत होता.

पुढं कितीतरी वर्षं दत्तोबाचं काही वाटोळं झालं नाही. लीलाबाई धडधाकट राहिली, वांग्याला भाव मिळाला. पण रोज सकाळी महादेवाला पाणी घालताना, आज होईल, आज होईल, असं म्हणून तो मान खाली घालायचा. गावात कुणी मेलं की हाक अजून त्यालाच यायची. तिरडी तोच बांधायचा, अगदी घट्ट. विसावा आला, की मात्र दोन्ही हात पाठीमागं धरून बाजूला उभा राहायचा आणि म्हणायचा, "दुसरं कुणीतरी वाका रं. माझ्या हाताचा आता उपेग न्हाय."