बावीस महिन्यांची ओळख

आमच्या शेजारचे पाळकसाहेब हे उभ्या यॉर्कशरमधले एकमेव गृहस्थ असावेत, ज्यांना ‘ऑलराइट?’ असं विचारलं की ते थांबून खरं उत्तर देत. लीड्समध्ये हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच; विचारणारा तोवर दोन घरं पुढे गेलेला असतो. पाळकसाहेब त्याच्या मागे जात. गुडघा बरा आहे, पण काल बायकोवर विनाकारण आवाज चढवला, त्यामुळे मन ठीक नाही, असा सविस्तर अहवाल पोस्टमनने पावसात उभं राहून ऐकलेला मी खिडकीतून पाहिला आहे.

ते मूळचे नगरकडचे. रस्त्याच्या टोकाच्या लहानशा चर्चची मंडळी त्यांच्याकडे होती. बहुतेक गोऱ्या आज्याच. उपदेश आवडला म्हणून एखादीने त्यांचा हात हातात घेतला, की ते घाईने सांगत, शेवटचा भाग माझा नाही, पुस्तकातला आहे. मग पुस्तकाचं नावही. समर फेअरमध्ये केकस्पर्धेचे परीक्षक म्हणून त्यांना एकदाच बोलावलं गेलं. तीन केक होते, आणि बायकोच्या केकला त्यांनी तिसरा नंबर दिला. “अगं, आजपासून मी भाजीत मीठच घालणार नाहीये,” पाळकीणबाई मला म्हणाल्या, “बघू, तेही खरं सांगतात का.” त्यांनी पहिल्याच घासाला सांगितलं. एका महाभांडखोर म्हाताऱ्याच्या अंत्यविधीत तर सगळ्यांनी श्वास रोखून धरला होता. पाळकसाहेब म्हणाले, “ही वॉज नेव्हर लेट. नॉट ईव्हन फॉर अ क्वॉरल.” भांडणालासुद्धा कधी उशीर नाही. म्हाताऱ्याची मुलगी रडता रडता मोठ्याने हसली.

“ताई, मंडळी आपल्या शब्दावर पाय देऊन उभी असते,” ते मला म्हणत. “फळी कुजकी निघाली तर तीच पडते. आपण नाही.”

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी नुकतीच इथली नागरिक झाले होते आणि नवा पासपोर्ट अजून काढला नव्हता. एका सकाळी साताऱ्याहून फोन आला, आई अत्यवस्थ आहे. तेव्हा भारतात जायला व्हिसा लागत नसे, पण पासपोर्ट हवाच. त्याच्या फॉर्मवर तुम्हाला किमान दोन वर्षं ओळखणाऱ्या डॉक्टरची, वकिलाची किंवा पाळकाची सही लागे. ती लगेच मिळाली तर दुपारपर्यंत लंडनचं ऑफिस गाठता आलं असतं. मी चपलांतच शेजारी धावले.

त्यांनी फॉर्म वाचला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि पेन खाली ठेवलं. “ताई, तुम्ही लीड्सला येऊन बावीस महिने झाले.”

“अहो, माझी आई आहे ती!”

“म्हणून तर. कोट घाला. त्याआधी तुम्ही कुठे होतात?”

“बेसिंगस्टोकला.”

“तिथे डॉक्टर असेल ना तुमचा?”

त्या दिवशी बिशप त्यांच्या चर्चला भेट देणार होते. “आजारी आहे म्हणून कळवते,” पाळकीणबाई म्हणाल्या. “आजारी कुठे आहे मी?” म्हणत त्यांनी स्वतः बिशपना फोन लावला, शेजारणीला घेऊन बेसिंगस्टोकला जातोय असं सांगितलं, आणि पलीकडून जे काही आलं ते मान खाली घालून ऐकून घेतलं.

दोनशेहून जास्त मैल. ताशी सत्तर मैलांची मुभा असलेल्या रस्त्यावर त्यांची गाडी पंचावन्नने चालली. लॉऱ्यासुद्धा हॉर्न वाजवून पुढे गेल्या. रागाने मी पाळकीणबाईंनी दिलेल्या चटणीच्या सँडविचलाही हात लावला नाही. संध्याकाळी दवाखाना बंद होता होता माझ्या जुन्या डॉक्टरांनी सही दिली. दुसऱ्या दिवशी लंडनला पासपोर्ट मिळाला. आईजवळ मला चार दिवस मिळाले. ती मला ओळखत होती.

परत आले, त्यानंतर महिनाभराने दाराची बेल वाजली. पाळकसाहेब सुटाबुटात उभे, खिशाला पेन. “आज दोन वर्षं पूर्ण झाली. आता कसलीही सही मागा.”

आई गेल्यानंतर मी पहिल्यांदाच हसले. सही घ्यावी असं घरात काही सापडेना, तेव्हा त्यांना चहा दिला. कप तसाच धरून ते म्हणाले, “ताई, मी त्या सकाळी सही केली असती, तर तुम्हाला आणखी एक दिवस मिळाला असता. तो मी तुमचा घेतला.”

“छे हो,” मी म्हणाले.

“खरं सांगा.”

मी किटली खाली ठेवली. “हो,” मी म्हणाले, “एक दिवस कमी पडला.”

त्यांनी मान हलवली. सबब सांगितली नाही, क्षमा मागून मला ती देण्याच्या अडचणीत टाकलं नाही, शास्त्रातलं वचनही काढलं नाही. नुसतं विचारलं, “त्या दिवशी काय केलं असतं?” आणि मी सांगत गेले: आईचे केस विंचरले असते, तिला पेपर वाचून दाखवला असता. बाहेर अंधार पडेपर्यंत ते ऐकत बसले.

यंदाच्या हिवाळ्यात ते गेले. मला भेटायला येणारे म्हणतात, पिकलं पान होतं, दुःख करू नका; आणखी एक दिवस मिळाला असता तर काय केलं असतं, हे कुणी विचारत नाही. मी बरं म्हणते, आणि चहा टाकायला उठते.