दगडाची चिंबोरी आणि हिराकाकूंचा बांध

"भांगात या गो, उधाणात नको," हिराकाकू फोनवर म्हणाल्या आणि मी गारच पडले. नवरा खो खो हसत सुटला. "जीवाश्म जपायला चाललीयस की भांग प्यायला?" आम्ही मूळ साताऱ्याची, आता पुण्यात राहणारी माणसं, आम्हाला काय ठाऊक! अष्टमीच्या सुमारास भरती कमी चढते, त्याला खाडीकाठी भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला चढते ते उधाण. रोह्याच्या एका निवृत्त प्राध्यापिकेला, आमच्या मॅडमना, खाडीच्या मातीतले जीवाश्म खेकडे जपायला मदतीचे हात हवे होते. राहायची सोय तिथेच खाडीकाठी भातशेती करणाऱ्या हिराकाकूंकडे. ऑफिसात बसून जीव विटला होता, मी लगेच हो म्हटलं.

ऑक्टोबरात निघाले. पुण्याहून खोपोलीमार्गे पेणची एसटी घ्या, पुढे वडखळवरून गडबकडे मिनीडोर, म्हणजे मोठी रिक्षा, मिळते. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि डोलवीच्या कंपनीची शिफ्ट सुटली असेल तर बसायला जागा विसराच. गडबच्या पुढे आत वळलं की आवाज मागे राहतो. एकीकडे पिवळं होऊ लागलेलं भात, दुसरीकडे खाडी, मधे मातीचा लांबच लांब बांध. त्यावरून चालताना मला आपण झोपेत चाललोय असं वाटत होतं. दुपारी काकूंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. अहाहा!

पण बांधाला खांड पडली होती. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, बिळं करून करून तो पोखरला आणि एक तुकडा खचला. त्या खांडीच्या तळाशीच जुनी घट्ट माती उघडी पडली होती आणि तिच्यात आमचे जीवाश्म होते. लाकडी टोकणीनं, म्हणजे टोकदार काडीनं, आम्ही माती अलगद सोडवत होतो. मुठीएवढा गोळा सुटायचा, त्यातून एखादी नांगी डोकवायची. हा खेकडा चालत होता तेव्हा इथे कोण होतं, या विचारात मी हरवून जायची.

दुसऱ्या दिवशी मला मोठा सापडला. दोन्ही नांग्या शाबूत, पाठ परातीसारखी रुंद. पण अंगभर चिरा. मॅडम म्हणाल्या, "घाईनं काढला तर भुगा होईल. याला आठवडा हवा."

काकू बांधावर उभ्या होत्या. "बाय, आठवडा नाय माझ्याकडं. उधाण आलं की खारं पानी शेतात. आज खांड बांधली नाय तर वर्षाचं भात गेलं."

खरं सांगते, मला त्या क्षणी भात नको होतं, खेकडा हवा होता. मॅडमनी त्याच्याकडे खूप वेळ पाहिलं, फोटो काढले, मापं घेतली. मग म्हणाल्या, "गोणपाट आणा. त्याला झाकू आणि वर बांध घालू. इतकी वर्षं मातीतच तर राहिलाय."

आम्ही त्याला पांघरूण घातलं. मग गावातली माणसं आणि आम्ही रांगेत उभे राहिलो, हातोहात चिखलाचे गोळे पुढे सरकू लागले. माझा पहिलाच गोळा पायावर पडला. "अगो, पोराला घेतेस तसा घे!" काकू ओरडल्या. संध्याकाळी बांध सांधला गेला आणि खेकडा दिसेनासा झाला. मला रडू आलं.

रोह्याला मॅडमच्या पडवीत छोटे गोळे जुन्या टूथब्रशनं साफ केले. कुंडलिका नदीवरून वारा यायचा. येताना पेणहून पोह्याचे पापड घेतले. नवऱ्यानं विचारलं, "खेकडा कुठाय?" मी म्हटलं, शेत राखायला ठेवलाय. त्याला ती थट्टा वाटली.

अमावास्येनंतर ऑफिसात फोन वाजला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"टिकला गो बांध! जित्या चिंबोऱ्यांनी फोडला, तुझी दगडाची धरून बसलीय. कापणीला ये."

मी तिथेच रजेचा अर्ज मागितला.