वाकड्या तासांचा धनी

२०२२ साल. मला एकाहत्तरावं लागलेलं. शाळा दुसरीपर्यंतच, पण तिफणीमागं पन्नास वर्षं चाललो. माझे तास, म्हणजे पेरलेल्या ओळी, दोरी धरल्यागत सरळ, हे गावाला ठाऊक.

त्या साली रब्बी ज्वारीचे तास वाकडे आले. पेरताना कळत नाही. आठ दिवसांनी कोंब वर आले की रस्त्यानं जाणारा बी बघतो, अन् माझं रान नेमकं पोखर्णीच्या रस्त्याला. धाकट्या चुलतभावानं फटफटी थांबवली. "दादा, ज्वारी पेरली का जिलब्या काढल्या?"

"उजवा बैल बाजूला वढायलाय," मी म्हणालो.

मला खरंच तसं वाटलं. गेल्या साली हाच बैल होता अन् तास सरळ होते, हे तेव्हा डोक्यात आलंच नाही. बैल बाजाराला काढायचा, असं घरात सांगून टाकलं. बायकोनं त्याला वासरापासून वाढवलेला. ती त्या दिवशी जेवली नाही.

बाजाराच्या आधी चुलतभावानं तोच बैल हरभरा पेरायला मागून नेला. हरभरा उगवल्यावर मी मुद्दाम बघून आलो. तास सरळ. घरी येऊन म्हणालो, त्याचं रान सपाट हाय. मग म्हणालो, त्याची तिफण नवी हाय. बायको भाकरी थापत होती.

"सरळ आले तवा तुमचा हात, वाकडे आले की बैल. अवो, त्या मुक्या जनावरानं किती सोसावं?"

मी उत्तर शोधत बसलो. दगड, ओल, तिफणीचा दांडा. एकेक कारण खरं वाटायचं, दोन एकत्र धरली की बसेनात. हात थरथरतो का म्हणून भरला तांब्या धरून बघितला. पाणी हललं बी, अन् हललं नाही बी. लोकांनी इतकी वर्षं नाव काढलं ते माझं, का बैलांचं, हेच आता समजेना.

उद्याच बाजार होता. सकाळी उठून बैल सोडला अन् बाजाराऐवजी चुलतभावाच्या दारात नेला.

"माझा गव्हाचा तुकडा पेरायचा राहिलाय. तिफण तू धर."

"अन् बी कोण सोडणार? वहिनी येतेय का?"

ते काम आमच्याकडं बायकांचं. मी बियाची ओटी कमरेला बांधली अन् तिफणीमागं उभा राहिलो.