सरजाबाईचा हेल

झरी गावात कुणाच्या घरी मयत झाली की पहिली खबर पाहुण्यांना जायची आणि दुसरी सरजाबाईला. घरच्यांना आपल्या माणसासाठी रडता येत नाही असं थोडंच आहे? पण पहिला हेल काढायला कुणीतरी लागतं, आणि तो तिच्यासारखा कुणाला जमत नसे. डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दारातून आत आली, की गेलेल्याचे गुण सुरात एकेक करून सांगायला लागायची. जन्मभर कवडी न सोडलेल्या म्हाताऱ्यालाही ती दानशूर करून वाटेला लावायची. मग कोपऱ्यात कोरड्या डोळ्यांनी बसलेल्या सुनाही हुंदके द्यायच्या. बायका मागून तिला मेलेल्यांची वकील म्हणून हसायच्या. आणि आपल्या दारी ती आली नाही तर त्याच बायका तोंड फुगवून बसायच्या.

तिचा नवरा दत्तराव गेला, तेव्हा ती त्याच्यासाठीही रडली. मुलगा बालाजी पुण्याला कंपनीत, लेक राजेश्री सेलूला सासरी. तेरावं झालं आणि दोघंही आपापल्या संसाराला लागली. त्यात त्यांची चूक नव्हती. पण घर तिला खायला उठलं. झोप उडाली, भाकरी घशाखाली उतरेना, अंघोळीचाही कंटाळा यायला लागला. कुणी अंगारा आणून दिला, कुणी बाहेरचं असेल म्हणालं. शेजारच्या सुलाबाईनं मात्र कुणाचं ऐकलं नाही. तिनं सरजाबाईला काळी-पिवळीत बसवलं आणि परभणीला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी रोज घ्यायची एक गोळी लिहून दिली. गुण यायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला मळमळेल, घाबरायचं नाही, असं समजावलं. गुडघे दुखले म्हणून दुकानातली कुठलीही गोळी या गोळीसोबत विचारल्याशिवाय घ्यायची नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. सरजाबाईनं मान डोलावली. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे ऐकलं. पटलं असं नव्हे.

मळमळ झाली आणि गेलीही. हळूहळू झोप लागायला लागली, भाकरीला चव आली. सगळं सुतासारखं सरळ होत असताना गावातले दिनकरराव वारले. सरजाबाई गेली, त्यांच्या बायकोच्या, कमलबाईच्या गळ्यात पडली, तोंड उघडलं. शब्द आले, पण गळा भरून येईना. भाकरी समोर तव्यावर दिसावी आणि तिचा वास येऊ नये, तसं दुःख तिच्यापुढं होतं. कसाबसा हेल संपवून ती उठली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

पुढच्या मयतीला तिला कुणी बोलावलं नाही. तिच्या दाराशी एरवी कोण येत होतं? कुणी मेलं तरच गावाला तिची आठवण व्हायची, आणि आता तेवढीही होईना. ती फार एकटी पडली. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला विचारलं, काही त्रास? ती म्हणाली, काही नाही. रडू येत नाही हा काय त्रास सांगायचा, बाई हसतील. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं तिचं झालं.

तशात सुलाबाईच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यानं हात टेकले आणि तिला घरी आणून बाजेवर टाकलं. सरजाबाईला एकच घोर लागला. जिनं आपल्याला हाताला धरून उठवलं, तिच्या मातीला आपण खांबासारख्या कोरड्या उभ्या राहणार? या गोळीनंच आपलं रडू आटवलं असं धरून तिनं गोळ्यांचं पाकीट डब्यात ढकललं आणि कुणाला सांगितलं नाही.

दोन-चार दिवसांतच तिला घेरी यायला लागली. मोटारीच्या उघड्या तारेला बोट लागावं तसे झटके डोक्यात बसायचे. जीव कासावीस, झोपेत नको नको ती स्वप्नं. रडू आलं, पण कशाला? दूध उतू गेलं म्हणून, भाजीवाल्यानं हाक मारली नाही म्हणून. आणि त्या रडण्यामागून दत्तराव गेल्यावर यायचा तो विचार परत आला, की आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे.

सुलाबाईला चहा देताना तिला घेरी आली आणि ती बाज धरून खाली बसली. सुलाबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं.

"माज्यासाठी रडायचं म्हणून सोताला मारायलीस का गं?" सुलाबाई म्हणाली. "मी गेल्यावर मला का ऐकू येणार हाय? आत्ता जिती हाय तवर बस माज्यापशी."

तिनं पडल्या पडल्या राजेश्रीला फोन लावला. राजेश्री सेलूहून आली आणि आईला परभणीला घेऊन गेली. तिला बाहेर बसवून सरजाबाईनं बाईंना रडण्याचं सांगितलं. बाई हसल्या नाहीत.

"मावशी, रडू न येणं हाही गोळीचा परिणाम असू शकतो. तो मला सांगायचा," त्या म्हणाल्या. "आता परत सुरू करा. तब्येत ताळ्यावर आली की मी हळूहळू कमी करून बघते, नाहीतर बदलून देते. पण एकदम सोडायची नाही." जीव नकोसा होण्याचे विचार येतात का, तेही त्यांनी सरळ विचारलं, आणि ते थांबेपर्यंत एकटं झोपायचं नाही, परत आले तर लगेच यायचं, असं बजावलं.

म्हणून राजेश्री परत गेल्यावर सरजाबाई सुलाबाईच्या बाजेलगतच अंथरूण टाकू लागली. रोज सकाळी सुलाबाई तिला आपल्यासमोर गोळी घ्यायला लावायची. मग दोघी मिळून सुनांच्या कागाळ्या करायच्या, मिरचीच्या भावावरून वाद घालायच्या. एवढं सुख सरजाबाईला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

बाईंनी गोळी कमी करायच्या आधीच सुलाबाई गेली.

त्या सकाळी गोळी घे म्हणणारं कुणी नव्हतं. सरजाबाईनं ती आपल्या हातानं घेतली. अंगण बायकांनी भरलं. सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे होत्या, आता ती हेल काढेल म्हणून. ती सुलाबाईच्या उशाशी बसली, तिचे केस मागे सारले, हात हातात घेतला, आणि गप्प बसून राहिली.

"जन्माची सोबतीण गेली, अन् डोळ्याला टिपूस न्हाई," तिरडी उचलताना कमलबाई शेजारणीला म्हणाली. "दगड हाय बाई."

सरजाबाईनं ते ऐकलं. खरं काय ते साऱ्या गावात एकाच बाईला ठाऊक होतं, आणि तिला माणसं खांद्यावर घेऊन निघाली होती.