मावशीच्या अंगातलं वारं

नवापूरला आमच्या शेजारच्या मावशीच्या अंगात वारं यायचं. नवरात्रात ढोल वाजला की ती केस मोकळे सोडून घुमायची. एरवी जिच्या हातचा चहा पिताना कुणी मान वर करून बघत नसे, तिच्या पाया पडायला सगळी आळी लोटायची. तिचे थोरले दीर अण्णासुद्धा. रोज अण्णा अंगणात आले की डोक्यावर पदर ओढून आत सरकणारी मावशी त्या दिवशी त्यांनाच "काय रे, माजलास का?" म्हणून खडसवायची.

मी पालघरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. जाणीव बदलते, 'स्व' बाजूला पडतो, हे सांगून सांगून घसा बसला. एकदा तिलाच विचारलं, "मावशी, तेव्हा तू कुठे असतेस गं?"

चिकू पुसता पुसता ती म्हणाली, "मी नस्तेच गं बाय. तेवडीच सुटी. नायतर मला सोडनारा हाय कोन?"

खरंच, वारं उतरलं की ती तान्ह्या पोरासारखी झोपायची आणि उठल्यावर तिला काही आठवत नसे. चेहरा मात्र चार दिवस टवटवीत.

तिची लेक ज्योती बारावी झाली, नर्सिंगला नंबर लागला. बापामागे घरात अण्णांचा शब्द चाले. ते म्हणाले, "शिकून काय करनार? बोईसरला कंपनीत पॅकिंगला लाव." मावशी रडली, जेवली नाही. अण्णांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या नवरात्रात अण्णा पाया पडायला वाकले तशी ती कडाडली, "पोरीला शिकू दे! आडवा आलास तर बग!" आणि बोलता बोलता हात वर गेला, तिने डोक्यावर पदर ओढला.

देवी कधी दिरासमोर पदर घेते का? ढोलवाल्याचाही ठेका चुकला. अण्णांनी तिच्याकडे नीट पाहिलं, पुन्हा वाकले आणि म्हणाले, "आईची आज्ञा." त्यांना काय कळलं, कुणी विचारलं नाही.

ज्योती नर्स झाली. वारं मात्र पुन्हा आलं नाही. दरवर्षी ढोल वाजे, मावशी केस सोडून नुसतीच बसे. मी तिला अपराधभावावर व्याख्यान द्यायला गेले. तिने बिचारीने ऐकून घेतलं.

"तसं नाय गं. पोरीचं भलं झालं. पन आता उठले तरी मी, निजले तरी मीच. मलाच माजा कंटाला येतो."

गेल्या साली ती गेली. ज्योतीने हंबरडा फोडला. मला मात्र, खरं सांगते, आधी तिच्यासाठी हायसं वाटलं.