वुडलँड्सचे महाराज

उज्ज्वल तायडे त्रिनिदादला जाऊन आला त्याला वर्ष उलटून गेलं होतं, तरी सिंगापूरच्या वुडलँड्स भागातल्या त्याच्या फ्लॅटवर जो कुणी चहाला येईल त्याची त्या बेटातून सुटका नव्हती. माणूस मुळात घुमा. बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेत रस्त्यांच्या डांबरावर संशोधन करायचं, एमआरटी मेट्रोने घरी यायचं, जेवायचं आणि टीव्हीसमोर डुलक्या काढायच्या, एवढंच त्याचं आयुष्य. लग्नाला अकरा वर्षं झाली तरी प्रियदर्शिनीला त्याच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकल्याचं आठवत नव्हतं. पण दोन हजार सहा साली ऑफिसने त्याला पंधरा दिवस त्रिनिदादला पाठवलं, आणि तिथून परतल्यावर त्याला वाचा फुटली.

तिथे डांबराचा तलाव आहे, तो सांगायचा. जमिनीतून आपसूक वर आलेलं डांबर, इथून तिथवर पसरलेलं, हत्तीच्या पाठीसारखं सुरकुतलेलं, आणि माणूस त्याच्यावरून चालू शकतो. पाय जरा दबतो, पण आत जात नाही. मधल्या खळग्यांत पावसाचं पाणी साचतं, त्यात गावचे लोक डुंबतात. मग कारोनीची दलदल यायची. संध्याकाळी होडीत गप्प बसून राहायचं, की लाल पक्ष्यांचे थवे येतात आणि समोरचं हिरवं झाड बघता बघता लाल होऊन जातं. मग एका ऊसमजुराने समुद्रात भराव घालून बांधलेलं देऊळ. मग सकाळी गाडीवर मिळणारे डबल्स, म्हणजे दोन मऊ पुऱ्यांत छोले; ते हा पठ्ठ्या उभ्याउभ्या तीन खायचा. "ताशा वाजतो हो तिथे, आपला ताशा," असं तो म्हणाला की पाहुण्यांच्या माना डोलायच्या. दीडशे वर्षांपूर्वी भारतातून ऊस तोडायला बोटीत भरून नेलेली माणसं, आणि त्यांच्या अंगणात अजून बांबूवर झेंडे आहेत.

कुणीतरी हमखास विचारायचं, त्या लोकांच्या घरी गेलास का कधी? उज्ज्वल म्हणायचा, गेलो की, एका घरी जेवलो. आणि लगेच पुन्हा पक्ष्यांवर यायचा. हे कुणाच्या लक्षात येत नसे. आलंच असेल तर भाऊसाहेबांच्या.

भाऊसाहेब म्हणजे उज्ज्वलचे वडील. मलकापूरला वीज मंडळात वायरमन होते, बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आले. त्यांची एक पद्धत होती. कुणाशीही ओळख झाली की समोरच्याने विचारायच्या आधी हे सांगून मोकळे, "आम्ही बौद्ध." सिंगापुरात याची गरज काय, असं उज्ज्वल कुरकुरायचा. इथे कोण विचारतं? शेजारच्या चिनी आजोबांना भाऊसाहेबांनी पहिल्याच दिवशी हे इंग्रजीत ऐकवलं, तेव्हा त्या आजोबांनी "मी टू, मी टू" म्हणत हात मिळवला, आणि तेव्हापासून दोघे रोज सकाळी एकमेकांची भाषा न कळता बरोबर फिरायला जात. भाऊसाहेबांची इथली सगळ्यात जुनी मैत्री ती.

नोव्हेंबरात केल्विनचा ईमेल आला. केल्विन रामकिसून हा त्रिनिदादच्या डांबर कंपनीतला तंत्रज्ञ. तिथल्या पंधरा दिवसांत त्यानेच उज्ज्वलला स्वतःच्या गाडीतून सगळं बेट दाखवलं होतं. आठवडाभराच्या प्रशिक्षणासाठी तो सिंगापूरला येत होता आणि भेटायचं म्हणत होता. प्रियदर्शिनीला कोण आनंद झाला. रविवारी घरी जेवायलाच बोलवू, म्हणाली. उज्ज्वलने घर लहान असल्याचं सांगून पाहिलं, हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत नेऊ म्हणून पाहिलं, त्याला तिखट सोसेल का अशी काळजीही करून पाहिली. शेवटी ती म्हणाली, त्यांनी तुला घरी जेवू घातलं ना? मग झालं तर. खरं काय ते सांगण्याची उज्ज्वलची छाती नव्हती.

झालं होतं ते असं.

शेवटच्या रविवारी केल्विनने त्याला समुद्रातल्या त्या देवळात नेलं. तिथे एका फरशीवर देवनागरीत काही कोरलेलं होतं. केल्विन लहानपणापासून ते बघत आला होता. ती अक्षरं असून वाचता येतात हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. उज्ज्वलने सहज मोठ्याने वाचलं. केल्विन बघतच राहिला. इतकं वाचता येतं म्हणजे तुम्ही नक्की महाराज असणार, असं तो म्हणाला. तिकडे ब्राह्मणाला महाराज म्हणतात, हे उज्ज्वलला तोवर कळलेलं होतं. तो नुसता हसला. हसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं त्याने मनाशी म्हटलं.

मग केल्विन त्याला घरी घेऊन गेला. उसाच्या रिकाम्या पडलेल्या शेतांपलीकडे खांबांवर उभं केलेलं घर, दारात झेंडे, आणि वर केल्विनची आजी, सुमिंत्रा. ऐंशीच्या पुढची, वाळकी, डोक्यावर पांढरी ओढणी. तिलाही सगळे आजीच म्हणत होते आणि ते ऐकून उज्ज्वलला आपल्या गावी आल्यासारखं वाटलं. तिची मोडकी भोजपुरी आणि याची हिंदी यांचं बरं जुळलं. म्हातारीने त्याला नीट न्याहाळलं आणि हात जोडून विचारलं, "कौन जात, बेटा? केल्विन बोले तू महाराज है."

हा प्रश्न उज्ज्वलला नवा नव्हता. पुण्यात खोली शोधताना, कॉलेजच्या मेसमध्ये, पहिल्या नोकरीत, आणि सिंगापुरातही गणपतीच्या कार्यक्रमाला, "तायडे म्हणजे नक्की कुठले हो?" असा गोड वळसा घेऊन तो विचारला गेला होता. उज्ज्वल कधी खरं सांगायचा, कधी बगल द्यायचा. आता पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि ज्यांना तो पुन्हा दिसणार नव्हता, तिथे तोच प्रश्न आला होता. एकदाच, फक्त एकदा, समोरचा गप्प होईल असं उत्तर देऊन बघावं असं त्याला वाटलं. त्याने मान हलवली. हो म्हणाला.

आणि मग जे झालं ते त्याला आवडलं. ते आवडलं, हेच पुढे वर्षभर त्याला खात राहिलं.

आजीचा चेहरा उजळला. तिने घरातली एकुलती हातांची खुर्ची पुसून आणली, त्याला तिच्यावर बसवलं, पुढ्यात टेबल ठेवलं, टेबलावर मोठं हिरवं पान मांडलं. त्याच्यावर दालपुरी, भोपळा, आंब्याची आंबट भाजी. केल्विन त्याच्या बाजूला स्टुलावर बसून निवांत हादडत होता. त्याला या कशाचं काही नव्हतं. पण म्हातारी वाढून झाल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर बसली. उज्ज्वलने तिला जेवायला बोलावलं. ती नको म्हणाली. महाराजांचं आधी होऊ दे. मग ओढणीच्या टोकाशी चाळा करत हळूच म्हणाली की आमची जात छोटी आहे, महाराज. माझ्या लहानपणी पंडित यायचा तर कोरडा शिधा घेऊन जायचा, तांदूळ, डाळ, पीठ. आमच्या चुलीवरचं त्याने कधी तोंडात घातलं नाही. माझी आई त्याच आशेवर गेली. आज तुम्ही माझ्या हातचं खाल्लंत.

ती रडत होती, आनंदाने.

आता सांगावं, असं उज्ज्वलला वाटलं. आजी, उठा, मी तुमच्यातलाच आहे, माझ्या आजोबांच्या घरचंही कुणी खात नसे. पण सांगितलं तर तिचा आनंद हिरावून घेतल्यासारखं होईल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. ही समजूत मोठी सोयीची होती. खरं कारण तो मनाशीही धड कबूल करत नव्हता: त्या खुर्चीवरून त्याला उतरायचं नव्हतं. निघताना ती पाया पडायला वाकली, तेव्हा त्याने पाय मागे घेतले, पण वेळेवर घेतले नाहीत.

तर असा तो माणूस, आणि केल्विन जेवायला येणार त्या रविवारी सकाळी तो खुर्चीवर चढून बैठकीच्या भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर उतरवत होता. शेजारची बुद्धाची त्याने राहू दिली. बुद्ध काय, कुणाच्याही दिवाणखान्यात चालतो. केल्विनला बाबासाहेब कोण ते बहुधा माहीतही नसणार, हे त्याला कळत होतं, तरी त्याचे हात थांबले नाहीत. प्रियदर्शिनी कणकेचे हात घेऊन बाहेर आली आणि तिथेच उभी राहिली. काय करतोयस, असं तिने विचारलं. मग त्याने तिला सगळं सांगितलं, खुर्चीवर उभ्याउभ्या, तसबीर छातीशी धरून. ती काही ओरडली नाही. इतकंच म्हणाली, "ती तुझ्या हाताने काढलीस, मी लावणार नाही." आणि पोळ्यांकडे गेली.

भाऊसाहेब फिरून आले. चपला काढल्या, हात धुतले आणि भिंतीकडे बघून, घरातलं माणूस कुठे बाहेर गेलंय का असं विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "बाबासाहेब कुठंयत?"

काच सैल झाली होती, असं उज्ज्वल म्हणाला. भाऊसाहेब आतल्या खोलीत गेले. तसबीर पलंगावर ठेवलेली होती. काच घट्ट होती. आयुष्यभर खांबांवरचे स्क्रू आवळलेल्या माणसाला ते हात लावताच कळलं असणार. ते बाहेर आले, भिंतीवरच्या फिक्या चौकोनासमोर बसले आणि वर्तमानपत्र उघडलं. उज्ज्वलला त्यांनी एखादी थोबाडीत दिली असती तर बरं वाटलं असतं.

केल्विन बाराला आला. हसरा, घामाघूम, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी. भाऊसाहेबांनी उठून त्याच्याशी हात मिळवला आणि नेहमीप्रमाणे सांगितलं, आम्ही बौद्ध. केल्विनने ते सौजन्याने ऐकून घेतलं. मग त्याने पुडकं उज्ज्वलपुढे धरलं. आजी ऑगस्टमध्ये गेली, तो म्हणाला. शेवटपर्यंत गावात सगळ्यांना सांगत होती, भारतातून महाराज आले आणि माझ्या हातचं जेवले. हे धोतर तिने तुमच्यासाठी घेऊन ठेवलं होतं. आणि मला बजावून गेली की, माझ्या वतीने त्यांच्या पायांना हात लाव.

एवढं बोलून तो खाली वाकला.

उज्ज्वलने या वेळी पाय मागे घेतले नाहीत. त्याने वाकलेल्या केल्विनचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला उभं केलं. भाऊसाहेब बघत होते. पाया पडणं कळायला इंग्रजी लागत नाही. म्हातारी आता नव्हती. तिला काही सांगायची वेळ निघून गेली होती, आणि तिच्या आनंदाची ढालही तिच्याबरोबर गेली होती.

"मी महाराज नाही, केल्विन," तो इंग्रजीत म्हणाला. "कधीच नव्हतो. तुझ्या आजीने स्वतःची जात छोटी म्हणून सांगितली, माझंही घराणं तसल्याच जातीतलं. मी तिच्याशी खोटं बोललो."

केल्विनला समजायला जरा वेळ लागला. तो रागावला नाही. तो रागावेल, निघून जाईल, याची तयारी उज्ज्वलने केली होती. केल्विनने धोतराचं पुडकं टेबलावर ठेवलं, त्याचा कागद सरळ केला. पंडित जेवला की नाही याने मला काही फरक पडत नाही, तो म्हणाला, माझी बायको ख्रिश्चन आहे. मग तो थांबला. तो दिवस त्याला आठवत असावा, कारण त्याची नजर उज्ज्वलवरून हलून खाली फरशीवर गेली.

"पण मग तुम्ही तिला खाली का बसू दिलंत?" त्याने विचारलं.

त्याच्या आवाजात आरोप नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. प्रियदर्शिनी हातात वरणाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकली होती. त्रिनिदादचं ते इंग्रजी भाऊसाहेबांच्या कानात शिरत नव्हतं. ते एकदा पाहुण्याकडे, एकदा मुलाकडे बघत होते.

"काय विचारतोय तो?" त्यांनी मुलाला विचारलं.

उज्ज्वलने बायकोकडे पाहिलं. ती सांगू शकली असती. तिने पातेलं टेबलावर ठेवलं.

"याची आजी," उज्ज्वल म्हणाला. "मी तिच्या घरी ब्राह्मण म्हणून खुर्चीवर बसून जेवलो, भाऊ. ती जमिनीवर बसली होती. तो विचारतोय, मी तिला खाली का बसू दिलं."

भाऊसाहेबांनी चष्मा काढला, मांडीवर ठेवला.

"मग सांग त्याला," ते म्हणाले. "मलाही ऐकायचंय."