कशावरून कर्णिक

आमच्या सोसायटीत विद्याधर कर्णिकांना सगळे मागून 'कशावरून कर्णिक' म्हणतात, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. आज पाणी उशिरा येणार, असं कुणी म्हणालं की हे विचारणार, "कशावरून?" कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलगा चांगला आहे म्हणे. "कशावरून?" विमा कंपनीच्या क्लेम खात्यात त्यांचा उभा जन्म गेला. दुकान खरंच जळलं की जाळलं, हे बघायला जाणारा माणूस. रिटायर झाल्यावर बघायला दुकानं उरली नाहीत, तेव्हा ती नजर आम्हा शेजाऱ्यांवर वळली. गॅसचा सिलिंडर ते दारातच काट्याला लटकवून घेतात. पापलेटाचे कल्ले उघडून बघतात, आणि कोळीण "ताजा हाय, शेट" म्हणाली की पुन्हा एकदा उघडून बघतात.

त्यांची बायको इरावती माझी जिवलग मैत्रीण. आमची दारं समोरासमोर, बोरिवलीतल्या ह्या इमारतीत आम्ही दोघी एकाच वर्षी राहायला आलो. इरा बोलायला मोकळी, पण एका बाबतीत भलती हट्टी. दूधवाला बेल वाजवून दमला तरी अंबाडा घातल्याशिवाय ती दार उघडायची नाही. तापाने फणफणलेली असली तरी आधी आरसा, मग डॉक्टर. तिचे मोकळे केस मीसुद्धा कधी पाहिले नव्हते. भावजी तिला चिडवायचे, "कोण फोटो काढतंय तुझा?"

फोटो निघाला तो भावजींचाच. आमच्या गल्लीतून लिंक रोडला लागताना जो सिग्नल आहे, तिथे कॅमेरे बसले त्याला आता दोनेक वर्षं झाली. भावजी स्कूटरवर सर्वांत पुढे उभे होते, दिवा लाल. मागून अँब्युलन्स बोंबलत आली. त्यांनी शहाण्या माणसासारखी स्कूटर पांढऱ्या रेघेपुढे काढली, कडेला घेतली, अँब्युलन्स निघून गेली. संध्याकाळी मोबाइलवर चलान. फोटोत लाल दिवा, रेघ, रेघेपुढे कर्णिकांची स्कूटर आणि नंबर अगदी स्वच्छ. अँब्युलन्स कुठेच नाही.

त्यांनी ऑनलाइन तक्रार केली, ती फेटाळली गेली. मग ते इस्त्रीचा शर्ट घालून चौकीत गेले. तिथला हवालदार भला माणूस होता. त्याने खुर्ची दिली, फोटो निरखून पाहिला आणि म्हणाला, "काका, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाय. पण ह्याच्यात अँब्युलन्स दिसत नाय. होती कशावरून?"

हे मला इरानेच सांगितलं आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. जन्मभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न कुणीतरी परत केला होता. भावजींना मात्र ते फार लागलं. खोटे क्लेम पकडणाऱ्या माणसाचा खरा क्लेम नामंजूर झाला होता. दंड भरला त्यांनी, पण त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं.

मग रोज संध्याकाळी गेटपाशी त्यांचं प्रवचन. पिवळा दिवा मुद्दाम लवकर बदलतात. कॅमेरेवाल्यांचं चलानामागे काहीतरी ठरलेलं असणार. फांदीआड लपवलेला कॅमेरा नियम पाळायला लावतो की मोडायची वाट बघतो, सांगा? ह्यातलं खरं किती, देव जाणे, पण चलानं सगळ्यांनाच येत होती, त्यामुळे माना डोलायच्या. मीही डोलवली. रेघ ओलांडली तर दंड भरावा, एवढं मला कळतं. पण का ओलांडली हे जे यंत्र विचारत नाही, त्याच्या न्यायावर माझाही फारसा भरवसा नाही. शेवटी भावजींनी कळस केला. म्हणाले, "वहिनी, ह्या अँब्युलन्स रिकाम्या असतात. ड्रायव्हरला चहा प्यायला जायची घाई, म्हणून भोंगा. आपण बावळटासारखे पुढे सरकतो आणि अडकतो."

"हे कशावरून?" मी विचारलं.

"काचा बघितल्यात त्यांच्या? काळ्या. आतलं काही दिसतं का? मग भरलेली तरी कशावरून?"

एकदा मी बाजारातून रिक्षाने येत होते. त्याच सिग्नलला भावजी पुढे, शेजारच्या रांगेत मी आणि त्यांच्या मागे अँब्युलन्स. भोंग्याने कान किटले. लोक ओरडत होते, "ओ काका, सरका ना!" भावजी सरळ समोर बघत बसले होते, चाक बरोबर रेघेवर, पाय खाली टेकलेला. दिवा हिरवा झाल्यावरच हलले. घरी आल्यावर मी त्यांना सुनावलं, "लाज नाही वाटली?" तर म्हणाले, "रिकामी होती." आणि शांतपणे पेपर वाचायला लागले. मला इतका संताप आला, की त्यांच्या घरचा चहा न पिता मी उठून आले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, इराच्या हातून कप पडला. आवाज ऐकून मी धावले. ओट्याला टेकून ती उभी होती, नुकतीच उठलेली, गाऊनमध्ये. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती आणि उजवा हात लोंबत होता. तळमजल्यावरचे डॉक्टर वर आले, बघितलं आणि म्हणाले, "झटका आहे. एक मिनिट घालवू नका." अँब्युलन्स आली. भावजी आणि मी इराबरोबर मागे बसलो.

आणि त्याच सिग्नलला गाडी थांबली.

भोंगा वाजत होता, पण आम्ही जागच्या जागी. भावजींनी पुढच्या जाळीवर मूठ आपटली. ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "काय करू साहेब? पुढचा बाइकवाला हलत नाय. कॅमेरा हाय ना वर."

भावजींचा चेहरा मी पाहिला. त्या चेहऱ्याकडे बघून राग धरून ठेवणं मलाही जमलं नाही. ते मागचं दार उघडून उतरले आणि गाड्यांमधून पुढे धावले. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"सरक बाबा, पेशंट आहे!"

"काका, चलान येतं. गेल्या महिन्यात आलंय मला."

"मी भरतो. आत्ता देतो पैसे."

"सगळे असंच बोलतात. आणि ह्या गाड्या रिकाम्याच पळवतात, माहितीये आपल्याला."

मला वाटलं आता हाणामारी होणार. खरं तर व्हावी असंच वाटत होतं, त्या माणसाच्या कानाखाली माझाच हात वाजला असता. पण भावजींनी त्याचं मनगट धरलं आणि त्याला ओढत आमच्या दारापर्यंत आणलं.

"बघ," ते म्हणाले.

तिशीचा असेल तो, ऑफिसला निघालेला, गळ्यात ओळखपत्र. वाकून आत बघायला लागला. इरा शुद्धीत होती. केस उशीभर पसरलेले, ओठाच्या कडेतून लाळ गळत होती, गाऊन गुडघ्यापर्यंत वर सरकलेला. मी गाऊन खाली ओढला. इराने त्या परक्या माणसाकडे पाहिलं आणि तिचा धड असलेला डावा हात वर आला. तो केसांकडे गेला. एका हाताने ती केस गोळा करायला बघत होती आणि ते तिच्या मुठीत मावत नव्हते.

तो माणूस खाली बघायला लागला. "सॉरी, मावशी," एवढंच म्हणाला आणि धावत सुटला. क्षणात त्याची बाइक रेघेपुढे गेली, तिच्यामागून बाकीच्याही बाजूला झाल्या आणि आम्ही निघालो. भावजींनी दार लावून घेतलं. हॉस्पिटल येईपर्यंत ते इराच्या कपाळावरचे केस मागे सारत होते आणि मध्येच स्वतःशी म्हणत होते, "दाखवावं लागलं मला. दाखवावं लागलं."

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. इरा वाचली, बोलणंही बरंचसं परत आलं. उजवा हात मात्र अजून कामाचा नाही. म्हणून आता रोज सकाळी भावजी तिचा अंबाडा घालतात. कसा घालतात विचारू नका. कधी कानाशी, कधी मानेवर, दुपारपर्यंत निम्मा सुटलेला. पण तो घातल्याशिवाय ते दूधवाल्याला दार उघडत नाहीत.

गेटपाशी ते आता बसत नाहीत. सिलिंडरचं वजन मात्र अजून करतात, माणूस असा एका झटक्यात बदलत नसतो.

परवा मी उपमा घेऊन गेले तेव्हा इरा स्टुलावर बसली होती आणि भावजी मागे कंगवा घेऊन उभे होते. त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी बघितलं आणि इराच्या पुढ्यात धरला. चलान. लाल दिवा, पांढरी रेघ आणि रेघेच्या चांगलीच पुढे गेलेली त्यांची स्कूटर. मीही वाकून पाहिलं. फोटो स्कूटरच्या मागच्या चाकापाशी संपला होता.

"अँब्युलन्स होती?" इराने विचारलं.

"हो."

"आत होतं का हो कुणी?"

"होतं."

"बघितलंत?"

"नाही."

"मग कशावरून?" इरा ओठाच्या चांगल्या कोपऱ्याने हसली. तिला त्यांना चिडवायचं होतं, इतकंच.

भावजींचा कंगवा थांबला. "मागे एकदा मी रिकामी आहे म्हणालो होतो, इरा," ते म्हणाले. "तेव्हाही बघितलं नव्हतं."

इराने डावा हात मागे नेऊन त्यांचा हात चाचपला. त्यांनी तिचे केस एकत्र केले, आकडे दातांत धरले आणि अंबाडा वळायला लागले.